सार्वजनिक विद्यापीठातील परिचर्या शिक्षण: नियोजन आणि देखरेख कशी करावी

सार्वजनिक विद्यापीठात परिचर्येचा, म्हणजे नर्सिंगचा, पदवी अभ्यासक्रम सुरू करण्याचा किंवा असलेल्या अभ्यासक्रमाच्या जागा वाढवण्याचा प्रस्ताव आला, की पहिल्या बैठकीत बहुधा इमारत, वर्गखोल्या, मंजूर पदे आणि प्रवेशक्षमता यांवरच चर्चा होते. विद्यार्थी कोणत्या वॉर्डात, कोणाच्या हाताखाली आणि कोणत्या पाळीत शिकणार, हा प्रश्न प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर ‘रुग्णालय उपलब्ध आहे’ अशा एका ओळीत उरकला जातो. हा क्रम उलटा आहे. वर्गखोली दोन वर्षांत बांधून होते. शिकवणारा वॉर्ड उभा राहायला त्याहून अधिक काळ लागतो आणि तो विकतही मिळत नाही. म्हणून पुढील विवेचनात वॉर्डापासून सुरुवात करून मागे विद्यापीठाच्या कचेरीपर्यंत येण्याची पद्धत मांडली आहे. अधिष्ठाता, विभागप्रमुख, अभ्यास मंडळाचे सदस्य आणि विद्यापीठाच्या वतीने पाहणीला जाणारे यांना ती उपयोगी पडावी.

गरज मोजताना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका व परिचारक होते आणि तुटवडा सुमारे ५८ लाखांचा होता. असे आकडे प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात शोभून दिसतात, पण त्यांवरून एखाद्या विद्यापीठाने किती जागा ठेवाव्यात हे ठरत नाही. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नोंदलेली आहे: जगातील ७८ टक्के परिचारिका अशा देशांत आहेत, जिथे जगाची केवळ ४९ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे एकूण संख्येइतकाच विभागणीचाही प्रश्न आहे, आणि तो देशांमध्ये जसा आहे तसाच एका देशातील शहरे आणि दुर्गम भाग यांमध्येही असतो. त्यामुळे आपल्या परिसरातील रिक्त पदे, येत्या दहा वर्षांत निवृत्त होणारे कर्मचारी, आणि मानसिक आरोग्य, बालरुग्ण, वृद्धसेवा यांसारख्या विभागांतील उणीव यांची वेगवेगळी मांडणी आरोग्य खात्याकडून लेखी मागवावी. आज प्रवेश घेतलेला विद्यार्थी तीन किंवा चार वर्षांनी सेवेत येतो, हे ध्यानात ठेवून आजच्या रिकाम्या पदांपेक्षा त्या वर्षीच्या अंदाजावर भर द्यावा.

जागा एकदम दुप्पट करण्याचा मोह इथेच टाळावा. एका वर्षी वाढवलेली तुकडी पुढची तीन-चार वर्षे प्रत्येक वॉर्डातून, प्रत्येक परीक्षेतून आणि वसतिगृहाच्या प्रत्येक खोलीतून फुगवट्यासारखी सरकत जाते. दरवर्षी थोडी वाढ केली, तर तीच संख्या गाठता येते आणि व्यवस्था मोडत नाही.

परिचर्येला विद्यापीठीय पदवी लागतेच कशाला, असा प्रश्न वित्त समितीत हमखास विचारला जातो. त्याला उत्तर देताना २०१४ साली प्रसिद्ध झालेला, परिचर्या संशोधक लिंडा एकन आणि सहकाऱ्यांचा नऊ युरोपीय देशांतील अभ्यास पुढे ठेवता येईल. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असलेल्या रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या रुग्णांना दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली होती. उलट एका परिचारिकेकडील रुग्णांत एकाची भर पडली, की ती शक्यता तितकीच वाढलेली दिसली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे पदवीमुळेच मृत्यू टळले असा दावा करू नये. संबंध दिसला एवढेच सांगावे. जास्त सांगायला गेल्यास समितीतला एखादा संख्याशास्त्रज्ञ आपला मुद्दा तिथेच अडवतो.

प्रवेशक्षमता वॉर्डावरून काढावी

युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशानुसार सामान्य परिचर्येच्या शिक्षणाला किमान तीन वर्षे आणि ४,६०० तास लागतात; त्यांतील किमान एक तृतीयांश तास सैद्धांतिक आणि किमान निम्मे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेतील असावे लागतात. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले, तरी हिशेब शिकण्यासाठी हा आकडा सोयीचा आहे.

निम्मे म्हणजे २,३०० तास. एक पाळी साडेसात तासांची धरली, तर एका विद्यार्थ्याला सुमारे ३०७ पाळ्या भराव्या लागतात. दरवर्षी ६० विद्यार्थी घेतले, तर एका तुकडीच्या १८,४२० पाळ्या होतात. तीन वर्षांच्या तीन तुकड्या एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकीचा सरासरी एक तृतीयांश भाग दरवर्षी पूर्ण होतो, त्यामुळे कोणत्याही एका वर्षात तितक्याच, म्हणजे १८,४२० पाळ्यांची सोय लागते. सुट्ट्या, परीक्षा आणि वर्गातील आठवडे वगळून वर्षात ३६ आठवडे, आठवड्याला पाच दिवस धरले, तर १८० दिवस मिळतात; म्हणजे रोज सुमारे १०२ विद्यार्थ्यांना कुठल्या ना कुठल्या वॉर्डात उभे राहायला जागा हवी. एका वॉर्डाने एका पाळीत चार विद्यार्थी सांभाळले, तर एका पाळीसाठी २६ वॉर्ड लागतील, आणि सकाळपाळी व दुपारपाळी दोन्ही वापरल्या तर १३.

तेरा वॉर्ड तर आहेत, असे म्हणून इथे थांबणाऱ्यांचीच पुढे फसगत होते. खरी अडचण सरासरीत दिसत नाही. समजा, प्रत्येक विद्यार्थ्याने बालरुग्ण विभागात चार आठवडे, म्हणजे २० पाळ्या करायच्या आहेत. साठ विद्यार्थ्यांच्या १,२०० पाळ्या झाल्या. बालरुग्णांचा एकच वॉर्ड असेल आणि त्यात फक्त सकाळपाळीत चार विद्यार्थी ठेवता येत असतील, तर वर्षभरात ७२० पाळ्याच मिळतात. दुपारपाळी जोडली, तर १,४४० होतात आणि गणित जेमतेम बसते. पण तोच वॉर्ड शेजारच्या दुसऱ्या संस्थेलाही दिलेला असेल, तर ते पुन्हा कोलमडते. त्यामुळे प्रवेशक्षमता ही सर्वांत अरुंद विभागाने ठरवायची असते. तो विभाग बहुतेक ठिकाणी बालरुग्ण, प्रसूती किंवा मानसिक आरोग्य यांपैकी एक निघतो.

हा तक्ता तयार करण्यासाठी रुग्णालयाच्या मंजूर खाटांचा आकडा घेऊ नये. वर्षभरातील सरासरी भरलेल्या खाटा, महिन्यागणिक प्रसूतींची संख्या, प्रत्येक पाळीतील प्रत्यक्ष हजर परिचारिका आणि त्याच वॉर्डात येणारे वैद्यकीय व इतर शाखांचे विद्यार्थी, या चार गोष्टी मेट्रनच्या, म्हणजे रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेच्या, कार्यालयातून घ्याव्यात आणि मग एकदा स्वतः सकाळी सात ते दहा या वेळेत वॉर्डात उभे राहून पाहावे. एका खाटेभोवती डॉक्टरांचा राउंड, त्यांचे विद्यार्थी आणि आपले चार जण असे सगळे जमले, की रुग्णाच्या उशाशी पोहोचायलाही वाट उरत नाही. हे कोणत्याही तक्त्यात येत नाही.

रुग्णालयाशी करार

परिचर्या शिक्षणाच्या इतिहासात एक दुखणे सतत डोके वर काढते: शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला फुकटचे मनुष्यबळ समजले जाणे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झालेल्या शाळेचा नमुना पुढे जगभर गेला, पण त्याच्या अनेक प्रतिकृतींत विद्यार्थिनी रुग्णालयाच्या कामावर पोसल्या गेल्या आणि शिक्षण मागे पडले. अमेरिकेत १९२३ मध्ये जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने हेच उघडपणे मांडले, आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतःचा अधिष्ठाता असलेली परिचर्या शाळा सुरू झाली. विद्यापीठाच्या छत्राखाली आल्याने हे दुखणे आपोआप बरे होत नाही. वॉर्डात माणसे कमी पडली, की विद्यार्थ्याला नमुने प्रयोगशाळेत पोहोचवायला धाडले जाते, आणि दिवसभर जिने चढून-उतरून तो संध्याकाळी लॉगबुकात ‘रुग्णसेवा: आठ तास’ असे लिहितो.

म्हणून रुग्णालयाशी लेखी करार करावा आणि त्यात विद्यार्थी पाळीच्या मंजूर मनुष्यबळात मोजला जाणार नाही, हे पहिले कलम असावे. वॉर्डात त्याची जबाबदारी कोणत्या नोंदणीकृत परिचारिकेवर आहे, तिला त्यासाठी आठवड्याला किती वेळ मोकळा दिला जाईल, विद्यार्थ्याच्या हातून चूक झाली तर कळवायचे कोणाला, चौकशी कोणी करायची आणि विमा कोणाचा, हेही स्पष्ट लिहावे. करारावर कुलसचिव आणि रुग्णालयाचे प्रमुख सह्या करतात; पण त्याची एक प्रत वॉर्ड सिस्टरच्या टेबलाच्या खणात पोहोचली नाही, तर तो नसल्यासारखाच आहे.

सुई टोचण्याच्या अपघाताचे कलम वेगळे काढून सांगण्याजोगे आहे. एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका असेल, तर प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर देता येतील तितक्या लवकर, आणि ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. रात्री दोन वाजता विद्यार्थ्याने कोणाला उठवायचे आणि औषध कोणत्या कपाटातून मिळेल, हे त्याला पहिल्या पोस्टिंगच्या आधी माहीत असले पाहिजे. हेपॅटायटिस बीच्या लसीच्या नेहमीच्या वेळापत्रकात तीन मात्रा सहा महिन्यांत पूर्ण होतात; म्हणजे पहिली मात्रा प्रवेशाच्या आठवड्यातच दिली नाही, तर विद्यार्थी अपुऱ्या संरक्षणाने वॉर्डात जातो. लस, विमा, गणवेश आणि दूरच्या आरोग्य केंद्रापर्यंतची वाहतूक यांसाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष ठेवावे. ‘इतर खर्च’ या शीर्षाखाली टाकलेल्या गोष्टी कपातीच्या वर्षात पहिल्या कापल्या जातात.

अभ्यासक्रमाची आखणी

अभ्यासक्रम लिहिताना विषयांच्या यादीऐवजी पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. त्या दिवशी या पदवीधराला स्वतःच्या जबाबदारीवर काय करता आले पाहिजे, हे अभ्यास मंडळाने वॉर्ड सिस्टरांना सोबत घेऊन लिहून काढावे आणि मग प्रत्येक कौशल्य कोणत्या सत्रात शिकवले, कोणत्या सत्रात सराव झाला आणि कुठे तपासले गेले, याचा आडवा-उभा तक्ता मांडावा. या तक्त्यात दोन प्रकारची भोके सापडतात. काही गोष्टी चार विषयांत चारदा शिकवल्या जातात आणि काही कुठेच नसतात. पाळी बदलताना ‘ओव्हर’ देणे, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला नीट सोपवणे, ही दुसऱ्या प्रकारात मोडणारी गोष्ट मला वारंवार आढळली आहे; रोज तीनदा होणारे हे काम शिकवायचे मात्र कोणाच्याच विषयात येत नाही.

सिद्धांत आणि सेवा यांतले अंतरही मोजून ठेवावे. सलाइनचे उदाहरण घेऊ. पाचशे मिलिलिटर द्रव चार तासांत द्यायचा आहे आणि संचातून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटे. उत्तर मिनिटाला ४१.६७ थेंब. कागदावर हे बहुतेकांना जमते. खाटेशेजारी मात्र कोणी दशांश मोजत नाही. घड्याळाकडे पाहत १५ सेकंदांत दहा-अकरा थेंब पडतात का, हे पाहून नळीवरची वेग कमी-जास्त करणारी चाकी फिरवायची असते, आणि आपण पाठ फिरवताच रुग्णाने कोपर दुमडला की वेग बदलतो, म्हणून थोड्या वेळाने परत येऊन पाहायचे असते. गणित वर्गात शिकवता येते, चाकी फिरवणे कौशल्य प्रयोगशाळेत येते, आणि परत येऊन पाहण्याची सवय फक्त वॉर्डात लागते. हे तिन्ही टप्पे एकमेकांपासून तीन आठवड्यांच्या अंतरात यावेत. पहिल्या सत्रात शिकवलेल्या गोष्टीचा सराव पाचव्या सत्रात आला, तर ती पुन्हा शिकवावी लागते.

वॉर्ड अपुरे पडले, की रुग्णाऐवजी पुतळ्यांवरील (मॅनिकिनवरील) सराव हा उपाय सुचवला जातो, आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेतील परिचर्या नियामक मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने दहा शिक्षणसंस्थांत केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णसेवेचे निम्म्यापर्यंत तास अशा सरावाने भरले, तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र त्या संस्थांतील शिक्षकांना सराव घेण्याचे आणि नंतरच्या चर्चेचे खास प्रशिक्षण दिलेले होते. ब्रिटनच्या नियामक परिषदेने २०२३ पासून २,३०० तासांपैकी ६०० तासांपर्यंतच अशी मुभा दिली आहे. प्रशिक्षित शिक्षक नसताना महागडा पुतळा घेतला, तर तो कपाटात राहतो आणि पाहणीच्या दिवशी बाहेर निघतो. आधी माणसे तयार करावीत, मग खरेदीची निविदा काढावी.

मूल्यमापनाबद्दल थोडक्यात. लेखी परीक्षेत जाण कळते, कृती कळत नाही. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी मांडलेली ओएससीई (ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन) पद्धत, ज्यात विद्यार्थी एकामागून एक ठरावीक वेळेच्या स्थानकांवर ठरावीक कृती करून दाखवतो, परिचर्येतही चांगली चालते. पण ती रुग्णासोबतच्या सलग पाळीच्या निरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही ठेवावीत.

शिक्षक

बहुतेक विद्यापीठांत पदोन्नती शोधनिबंधांवर मिळते आणि वॉर्डातल्या तासांची कुठेच गणना होत नाही. परिणामी चांगले शिक्षक काही वर्षांत वॉर्डाकडे फिरकेनासे होतात आणि विद्यार्थी कालच्या पद्धती शिकतात. यावर दोन उपाय करता येतात: शिक्षकाच्या कार्यभारात वॉर्डातील तास व्याख्यानाच्या तासांइतक्याच वजनाने मोजणे, आणि रुग्णालय व विद्यापीठ यांच्यात संयुक्त पदे निर्माण करणे. दुसरा उपाय अधिक चांगला असला, तरी वेतन कोण देणार, रजा कोण मंजूर करणार आणि गोपनीय अहवाल कोण लिहिणार, हे आधी ठरवले नाही तर ती व्यक्ती दोन साहेबांच्या मध्ये अडकते. शिक्षकांच्या निवृत्तीच्या वर्षांचा तक्ताही आजच करून ठेवावा. पीएचडी झालेला शिक्षक तयार व्हायला लागणारी वर्षे रिक्त पदाच्या जाहिरातीने भरून निघत नाहीत.

देखरेख

परिचर्येच्या अभ्यासक्रमावर साधारणपणे तीन सत्तांची नजर असते: पदवी देणारे विद्यापीठ, नोंदणी करणारी नियामक परिषद आणि वॉर्ड ताब्यात असलेले आरोग्य खाते. प्रत्येकाचे वेळापत्रक, नमुने आणि पाहणीच्या तारखा वेगळ्या असतात, आणि तिघांनाही वाटते की बाकीचे दोघे मुख्य गोष्ट पाहत आहेत. विद्यापीठाने तिघांचे प्रतिनिधी, वॉर्डातील किमान दोन परिचारिका आणि दोन विद्यार्थी असलेली एक स्थायी समिती नेमावी, आणि शैक्षणिक दिनदर्शिका ठरण्याआधी तिची बैठक घ्यावी. सर्व वर्षांच्या परीक्षा एकाच पंधरवड्यात ठेवल्या, की रुग्णालयातून सगळे विद्यार्थी एकदम नाहीसे होतात आणि पुढच्या महिन्यात एकदम गर्दी करतात. ही साधी गोष्टही समितीशिवाय लक्षात येत नाही.

निदर्शके मोजकीच ठेवावीत. प्रत्येक विभागात ठरलेले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास यांतला फरक, प्रत्येक वर्षी किती जणांनी कोणत्या कारणाने शिक्षण सोडले, नोंदणीच्या परीक्षेत पहिल्याच प्रयत्नात किती उत्तीर्ण झाले, आणि पदवीनंतर एका वर्षाने त्यांच्या वॉर्ड सिस्टरांचे त्यांच्याबद्दल काय मत आहे, इतके पुरते. गळतीचा आकडा एकत्रित न घेता वर्षवार घ्यावा: पहिल्या सत्रात सोडणारा बहुधा चुकून या शाखेत आलेला असतो, पण दुसऱ्या वर्षात पहिल्या रात्रपाळीनंतर सोडणाऱ्यांची संख्या वाढली असेल, तर वॉर्डात काहीतरी घडते आहे असे समजून चौकशी करावी.

कागदावर विसंबू नये, हे सांगायला एक प्रसंग पुरेसा आहे. एका पाहणीत माझ्या हाती आलेल्या लॉगबुकात सहा आठवड्यांच्या तीसेक नोंदी होत्या आणि प्रत्येकीखाली सही. सगळ्या सह्या एकाच शाईच्या, एकाच कलाच्या, जणू एका बैठकीत उरकलेल्या. वॉर्डाचे ड्युटी रजिस्टर मागवले, तेव्हा सही करणारी व्यक्ती त्यांतले दोन आठवडे रजेवर असल्याचे दिसले. विद्यार्थ्याने काम केले नव्हते असे नाही; पण ते पाहिले कोणीच नव्हते. तेव्हापासून लॉगबुक आणि ड्युटी रजिस्टर शेजारी ठेवून दहा नोंदी ताडून पाहणे, हा माझ्या पाहणीचा पहिला अर्धा तास असतो. दुसरा अर्धा तास दुपारपाळीत, पूर्वसूचना न देता, वॉर्डात. तिथे विद्यार्थ्याला एवढेच विचारावे: आज तुझ्याकडे कोणता रुग्ण आहे, त्याच्यासाठी काय ठरले आहे आणि अडलास तर कोणाला विचारशील? तिसऱ्या प्रश्नाला ज्या वॉर्डात नाव सांगता येत नाही, तिथली व्यवस्था नापास.

विद्यार्थ्यांच्या तक्रारीसाठी असा मार्ग ठेवावा, जो त्यांना गुण देणाऱ्या शिक्षकाच्या टेबलावरून जात नाही. बाह्य परीक्षक दर काही वर्षांनी बदलावेत. दोन संस्थांनी आळीपाळीने एकमेकांचे परीक्षक व्हायचे, हा प्रकार सौजन्याचा असतो, तपासणीचा नव्हे.

पाहणीत गंभीर त्रुटी आढळली, तर अहवाल लिहून होईपर्यंत वाट न पाहता त्या वॉर्डातून विद्यार्थी हलवावेत आणि नियामक परिषदेला व आरोग्य खात्याला त्याच आठवड्यात लेखी कळवावे. दुरुस्तीची मुदत देताना कोणी, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे, हे लिहावे. ‘सुधारणा अपेक्षित’ या शब्दांवर कोणी काही करत नाही. मुदत संपूनही सुधारणा झाली नाही, तर नवे प्रवेश थांबवण्याची शिफारस करण्याचे धैर्य समितीत हवे, आणि त्यासोबत शिकत असलेल्या तुकड्या पदवीपर्यंत कशा नेणार, याची योजनाही हवी: कोणत्या रुग्णालयात, कोणत्या शिक्षकांकडे, कोणाच्या खर्चाने. अभ्यासक्रम बंद झाला, तरी विद्यार्थ्यांच्या विभागवार तासांच्या नोंदी विद्यापीठाच्या अभिलेख कक्षात कायम ठेवाव्यात. वीस वर्षांनी दुसऱ्या देशात नोंदणी करू पाहणाऱ्या पदवीधराला बालरुग्ण विभागात किती तास केले, मानसिक आरोग्यात किती, असा दाखला मागितला जाऊ शकतो, आणि तो देणारे महाविद्यालय तोपर्यंत अस्तित्वात असेलच असे नाही.